दुःखातले सान्निध्य : ख्रिस्ती विचारातील एका प्रश्नाचा आढावा

मराठी ख्रिस्ती घरात कुणी गेले की संध्याकाळी मंडळी जमतात. गीत होते, शास्त्रपाठ होतो, पाळक प्रार्थना करतात. निघताना जो तो घरच्यांचा हात हातात घेऊन थोड्याफार फरकाने एकच वाक्य बोलतो : प्रभू तुमच्याजवळ आहे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ते त्या क्षणी अगदी खरे वाटते, कुणाला नुसते ऐकू येते, तर कुणाला टोचते. ज्यांना टोचते ती माणसे सहसा गप्प बसतात.

हा आढावा त्या एका वाक्याचा आहे. 'जवळ' म्हणजे काय, ते माणसाला कळते कशावरून आणि कळलेच नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे प्रश्न ख्रिस्ती विचारात पहिल्यापासून एकमेकांत गुंतून आले आहेत. 'दुःख का?' हा याहून वेगळा आणि जास्त गाजलेला प्रश्न. त्यावर ग्रंथांचे ढीग आहेत, तो इथे बाजूला ठेवला आहे. तसे करायला कारणही आहे. गेल्या शंभर वर्षांत या चर्चेचा भरच 'देवाने हे का केले' यावरून 'त्या वेळी देव कुठे होता' याकडे सरकला आहे.

शास्त्रातच दोन सूर

स्तोत्रसंहितेतले बाविसावे आणि तेविसावे स्तोत्र शेजारी शेजारी आहेत. तेविसावे मेंढपाळाचे. मृत्यूच्या छायेतही देव सोबत आहे ही खात्री त्यात आहे, म्हणून ते अंत्यविधीत हमखास वाचले जाते. बाविसावे सुरू होते ते देवाने आपल्याला टाकले या आक्रोशाने. दोन्ही एकाच प्रार्थनापुस्तकात आहेत आणि एकाने दुसरे खोडून काढलेले नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक मध्येच कुठेतरी वळण घेतात आणि भरवशावर येऊन थांबतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' या अर्थाचा आहे.

ईयोब देवाला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे शोधतो आणि तो सापडत नाही असे सांगतो. त्याचे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तोवर सगळे ठीक होते. ते बोलू लागले तिथे बिघडले. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण 'का'चे उत्तर देत नाही, उलट सृष्टीबद्दल प्रश्नच विचारतो. ईयोब शांत झाला तो त्या बोलण्याच्या आशयाने की कुणीतरी समोर आले एवढ्यानेच, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की ग्रंथाच्या अखेरीस देव तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवतो आणि देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांचे अयोग्य.

नव्या करारातही सूर एक नाही. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत येशू क्रुसावर बाविसाव्या स्तोत्राचा आक्रोश करतो. लूकमध्ये तो आक्रोश नाही. तिथे त्याचा शेवटचा उद्गार एकतिसाव्या स्तोत्रातला, आत्मा पित्याच्या हाती सोपवणारा आहे. मरण तेच, आणि साक्षी दोन तऱ्हेच्या. पौल आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवतो. काटा निघत नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला सांगितले जाते.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू निरोप घेताना पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ 'मदतीला जवळ बोलावलेला' असा. प्रचलित मराठी बायबलमध्ये त्याला 'कैवारी' म्हटले आहे. प्रार्थनेत मात्र लोक सर्रास 'सांत्वनदाता' म्हणतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. कैवारी बाजू घेऊन उभा राहतो, आणि तो उभा आहे हे आपल्याला जाणवावेच असे नाही. सांत्वनदात्याकडून मात्र मन निवण्याची अपेक्षा असते. पुढच्या बऱ्याच वादाचे बीज या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

निर्विकार देव

आरंभीच्या आचार्यांपुढचा प्रश्न आजच्या वाचकाला उलटा वाटेल. देव दुःखात आपल्याजवळ असतो का, यापेक्षा देवाला दुःख होऊ शकते का याची त्यांना चिंता होती, आणि बहुतेकांचे उत्तर 'नाही' असे होते. देव निर्विकार आहे. तो कशाने हेलावत नाही, खचत नाही. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी प्रॅक्सियस याच्यावर पित्यालाच क्रुसावर चढवल्याचा आरोप ठेवून टर्टुलियनने त्याचा समाचार घेतला. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिलने मोठा कसरतीचा तोडगा काढला : देवपुत्राने निर्विकार राहूनच दुःख सोसले. 451 च्या खाल्किदोन परिषदेने एक व्यक्ती आणि दोन स्वभाव अशी चौकट घालून दिली. ख्रिस्ताने मानवी स्वभावात सोसले, दैवी स्वभावात नाही, हा अर्थ पुढे रूढ झाला. अकराव्या शतकात अन्सेल्मने तर स्पष्टच म्हटले की देवाची करुणा आपल्याला करुणा म्हणून अनुभवास येते, देवाच्या ठायी मात्र तसा विकार उठत नाही.

मराठी वाचकाला इथे निर्गुण-सगुणाची आठवण होईल. दारात शिरण्यापुरती ती उपयोगी आहे, पण खाल्किदोनचा प्रश्न एका ऐतिहासिक व्यक्तीच्या देहाविषयी होता हे विसरू नये.

या मताला थंडपणाचे लेबल लावण्याची हल्ली रीत आहे. पण पाळकीय दृष्टीने त्याची बाजू भक्कम होती. देव माझ्या दुःखाने डळमळत नसेल, तर त्याचे जवळ असणेही माझ्या मनाच्या चढउतारांवर अवलंबून राहत नाही. बुडणाऱ्याने काठावरच्याचा हात धरायचा असतो.

रात्र

मध्ययुगाच्या अखेरीपासून चर्चा सिद्धांताकडून अनुभवाकडे वळली. पुढे येशूसंघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला 1521 मध्ये पाम्प्लोना येथे लढाईत जखमी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मनातल्या हालचालींकडे पाहू लागला. त्यातून त्याने 'सांत्वन' आणि 'ओसाडपणा' अशा दोन अवस्था वेगळ्या काढल्या. मन ओसाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्याचा नियम आजही येशूसंघीय साधनेत शिकवला जातो. या नियमाच्या पोटात एक गृहीतक आहे : देव जाणवत नाही ही अवस्था साधनेचाच भाग असू शकते, ती साधना फसल्याची खूण असेलच असे नाही.

क्रुसाचे संत योहान यांनी हाच विचार टोकाला नेला. त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी डिसेंबर 1577 मध्ये त्यांना पकडून तोलेदो येथे कोंडले, आणि सुमारे नऊ महिन्यांनी ते निसटले. पुढे त्यांनी आत्म्याच्या 'अंधाऱ्या रात्री'विषयी लिहिले. देवाच्या गोडीची सवय लागलेल्या माणसाकडून ती गोडी काढून घेतली जाते, कारण गोडीवरचे प्रेम आणि देवावरचे प्रेम यांत त्याची गल्लत झालेली असते. ही रात्र आणि नुसती खिन्नता किंवा आळस यांत फरक कसा करावा, याच्या तीन खुणाही त्यांनी दिल्या. सोळाव्या शतकातल्या साधूला हा फरक करणे निकडीचे वाटले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो प्रश्न पुढे पुन्हा येईल.

प्रॉटेस्टंट बाजूला मार्टिन ल्यूथर यांनी 1518 च्या हायडेलबर्ग येथील वादसभेत मांडलेली क्रुसाची धर्मविद्या याच शतकातली. देव स्वतःला त्याच्या विरुद्ध दिसणाऱ्या गोष्टींत, दुर्बळतेत आणि मरणात प्रकट करतो, असे तिचे सूत्र. 1542 मध्ये त्यांची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना त्यांच्या मिठीत मरण पावली. त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात, आपण देवाचे आभार मानायला हवेत हे कळते पण ख्रिस्ताचे मरणही हे दुःख हलके करू शकत नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. सूत्र मांडणारा आणि कबुली देणारा माणूस एकच.

लिझ्यूची संत तेरेज ही या परंपरेतली एकोणिसाव्या शतकातली मोठी साक्षीदार म्हणता येईल. 1896 च्या ईस्टरच्या सुमारास क्षयाची पहिली लक्षणे दिसली आणि त्याच वेळी स्वर्गाविषयीची तिची सगळी खात्री विझली. 30 सप्टेंबर 1897 रोजी, चोविसाव्या वर्षी ती गेली, तोवर ती खात्री परत आली नाही. अविश्वासी माणसांच्या मेजावर त्यांच्यासोबत बसल्याचा अर्थ तिने त्या अंधाराला दिला.

दुःख सोसणारा देव

विसाव्या शतकातल्या युद्धांनी निर्विकार देवाची बैठक हलवली. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सिगारेटी वाटत फिरणारे इंग्लिश धर्मगुरू स्टडर्ट केनेडी यांनी 1918 च्या 'द हार्डेस्ट पार्ट' या पुस्तकात सिंहासनावर शांत बसलेल्या देवाविषयी उघड संताप व्यक्त केला. जपानमध्ये काझो किटामोरी यांनी 1946 मध्ये, पराभवाच्या राखेत, देवाच्या वेदनेची धर्मविद्या मांडली. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातला कळवळणारा देव हा त्यांचा आधार. जर्मनीत डीट्रिख बोनहॉफर यांनी जुलै 1944 मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो असे म्हटले. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

या विचाराला पूर्ण रूप दिले ते युर्गेन मोल्टमान यांनी. जुलै 1943 मध्ये हॅम्बर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, मोल्टमान वाचले. देवा, तू कुठे आहेस, असा प्रश्न त्या रात्री आपल्याला पहिल्यांदा पडला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांचे घर धार्मिक नव्हते. युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडमध्ये असताना एका लष्करी धर्मगुरूने त्यांना बायबल दिले. त्यातली विलापाची स्तोत्रे आणि मार्कमधला क्रुसावरचा आक्रोश यांतून आपल्याला समजून घेणारा कुणीतरी भेटला, असे त्यांचे म्हणणे. 1972 च्या 'द क्रुसिफाइड गॉड' या ग्रंथात त्यांनी मांडले की क्रुसावर पुत्र टाकले जाण्याचे दुःख भोगतो आणि पिता पुत्राच्या मरणाचे. दोन्ही दुःखे देवाच्या आतली आहेत, म्हणून जगातला कोणताही टाकलेला माणूस देवाच्या बाहेर उरत नाही. जाणीव असो वा नसो.

दडपलेल्या समाजांतून याच दिशेने वेगळी मांडणी झाली. जेम्स कोन यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारण्याचा इतिहास आणि क्रूस शेजारी ठेवले. भारतात अरविंद निर्मल यांनी 1980 च्या दशकात दलित धर्मविद्येची पायाभरणी करताना वेदनेला ज्ञानाचे स्थान दिले : सोसणारा माणूस देवाला त्या वेदनेतूनच ओळखतो, आणि तो देव सेवकाच्या, दलिताच्या रूपातला असतो. इथे सान्निध्य ही एकट्या माणसाच्या मनात उमटणारी भावना राहत नाही. ती सगळ्या समाजाने ओळखायची गोष्ट होते.

आक्षेपही वजनदार आहेत. डोरोथी झोल यांनी विचारले की मोल्टमान यांचा पिता पुत्राला मरणाच्या हाती देतो, तर हा क्रौर्याला पावित्र्य देण्याचा प्रकार नाही का? कार्ल रानर यांचा मुद्दा साधा होता : देवही माझ्यासारखाच चिखलात रुतला असेल, तर मला बाहेर कोण काढणार? थॉमस वायनंडी यांनी 2000 मध्ये 'डझ गॉड सफर?' या ग्रंथात जुन्या मताची पुन्हा नीट बांधणी केली. देव विकारांनी बदलत नाही म्हणूनच त्याचे प्रेम पूर्ण असते, असा त्यांचा युक्तिवाद. आणखी एक आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. आउश्विट्झमधून वाचलेले ज्यू लेखक एली वीझेल यांनी छावणीतल्या एका मुलाच्या फाशीचे वर्णन केले आहे. ते मोल्टमान आणि झोल दोघांनीही आपल्या विवेचनात घेतले. ज्या यातनांच्या इतिहासात ख्रिस्ती युरोपचा हात होता, त्यातला प्रसंग ख्रिस्ती क्रुसाचा दाखला म्हणून वापरावा का? या प्रश्नाला आजतागायत समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, असे मला वाटते.

तक्रारीला जागा

देव दुःख सोसतो की नाही हा वाद रंगला असतानाच बायबलच्या अभ्यासकांनी वेगळीच वाट धरली. क्लाउस वेस्टरमान यांनी विलापाच्या स्तोत्रांची रचना उलगडून दाखवली : हाक, तक्रार, याचना, भरवसा आणि स्तुतीचे वचन. वॉल्टर ब्रुगमन यांनी 1986 मध्ये एका गाजलेल्या लेखात विचारले की चर्चने उपासनेतून विलाप जवळजवळ काढून टाकला, त्याची किंमत काय मोजली? त्यांचे उत्तर असे की तक्रार करण्याची मुभा नसलेले नाते खरे नाते राहत नाही. फक्त स्तुती करणारा भक्त एकतर खोटे बोलतो किंवा अपराधी भावनेत जगतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, तत्त्वज्ञ निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांचे 'लॅमेंट फॉर अ सन' आले. त्यांचा मुलगा गिर्यारोहण करताना मरण पावला होता. तत्त्वज्ञानात हयात घालवलेल्या माणसाने त्या छोट्या पुस्तकात कुठलेही स्पष्टीकरण दिलेले नाही. भेटायला येणाऱ्यांनी समजूत न घालता दुःखाच्या बाकावर शेजारी येऊन बसावे, एवढी त्यांची मागणी. त्याआधी 1961 मध्ये लेखक सी. एस. लुईस यांनी पत्नीच्या मृत्यूनंतरच्या टिपणवह्या टोपणनावाने छापल्या होत्या. याच लुईस यांनी 1940 मध्ये वेदनेच्या प्रश्नावर अत्यंत सफाईदार ग्रंथ लिहिला होता. वह्यांतला लुईस देवाचे दार आतून बंद झाल्याचे लिहितो, आणि पुढे, आपल्याच धडपडीने तर ते लागले नसेल ना, अशी शंकाही घेतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की या विषयाची अर्धी ओळख होते.

अनुभवाची तपासणी

सान्निध्याचा अनुभव खरा की मनाचा खेळ, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 मध्येच अभ्यासाच्या टेबलावर आणला. त्यानंतरच्या कामातले दोन-तीन धागेच इथे घेतो.

1971 मध्ये वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी 293 विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळपास निम्म्या लोकांना मृत जोडीदाराचे अस्तित्व जाणवत होते. म्हणजे शोकात 'कुणीतरी आहे' असे वाटणे ही सर्वसामान्य मानवी गोष्ट आहे. मग देव जवळ वाटणे हे त्याहून वेगळे कसे ओळखायचे? मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन यांनी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड मंडळ्यांमध्ये काही वर्षे राहून 2012 मध्ये दाखवले की देव जवळ असल्याचे जाणवणे हे काही अंशी शिकण्याचे कौशल्य आहे. तिथे माणसे देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवत, त्याच्याशी गप्पा मारत, आणि सरावाने त्याचा आवाज ओळखू लागत. देव आहे की नाही यावर लुहरमन यांनी निवाडा दिला नाही. श्रद्धावान म्हणू शकतो की कान तयार केल्याशिवाय रागही कळत नाही. संशयवादी म्हणेल, तयार केलेला कान नसलेलेही ऐकतो. त्यांच्या निरीक्षणातून दोघांनाही आधार मिळतो.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जास्त अस्वस्थ करणारा आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाच्या 596 रुग्णांचा त्यांनी दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले, तो आपल्यावर प्रेम करत नाही, असे वाटणाऱ्यांमध्ये या काळातल्या मृत्यूचा धोका जास्त आढळला. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. यावरून निराशा वाईट म्हणून तिला बोलूच देऊ नये, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. मनातली तक्रार दाबली गेली म्हणून ती चिघळली की ती होती म्हणूनच घातक ठरली, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

तत्त्वज्ञानात जे. एल. शेलेनबर्ग यांनी 1993 मध्ये युक्तिवाद केला की प्रेमळ देव असता, तर त्याच्याशी नाते जोडायला तयार असलेल्या माणसापासून तो लपला नसता. मायकल री यांनी 2018 मध्ये उत्तर दिले की देवावर ओरडणे हेसुद्धा त्याच्याशी असलेल्या नात्यातच घडते. मॅरिलिन मॅकॉर्ड अ‍ॅडम्स यांची मांडणी याहून धाडसी आहे. ख्रिस्ताने भीषण यातना भोगल्यामुळे तशा यातनांतला माणूस देवाशी एकरूप झालेला असतो, मात्र ती एकरूपता त्याला त्या वेळी कळत नाही, कदाचित मरणानंतरच कळते. टीकाकार विचारतात : न कळलेल्या जवळिकीचा सोसणाऱ्याला उपयोग काय?

कोलकात्याची पत्रे, पुण्याचा सल्ला

2007 मध्ये मदर तेरेसा यांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने आली आणि ही सगळी चर्चा एका माणसाच्या आयुष्यात एकवटली. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना हाक ऐकू आली होती. कोलकात्यात काम सुरू झाले आणि देव जाणवेनासा झाला. 1958 मध्ये थोडे दिवस उजेड पडला, तेवढे सोडले तर 1997 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अंधार राहिला. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती, ती पाळली गेली नाही.

पत्रांचे तीन अर्थ लावले गेले. ख्रिस्तोफर हिचन्स यांच्यासारख्या नास्तिकांना ती श्रद्धा गमावलेल्या बाईची कबुली वाटली. चर्चने क्रुसाच्या योहानांची रात्र पाहिली, आणि 4 सप्टेंबर 2016 रोजी त्यांना संतपद दिले. काहींनी त्यात न ओळखलेले नैराश्य पाहिले. मात्र या वादात पुण्याची बाजू क्वचितच निघते. 1960 च्या सुमारास पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात शिकवणारे ऑस्ट्रियन येशूसंघीय धर्मगुरू जोसेफ नॉयनर यांच्याशी मदर तेरेसा या अंधाराबद्दल मोकळेपणाने बोलल्या. नॉयनर यांनी नंतर सांगितले त्यानुसार त्यांचा सल्ला असा होता : यावर मानवी उपाय नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. ख्रिस्त जाणवणे हा त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नव्हे. त्याची जी ओढ लागली आहे, तीच तो लपून जवळ असल्याची खूण आहे. आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग आहे, कारण टाकलेल्या माणसांमध्ये काम करणारीला टाकले जाणे आतून कळले आहे. पुढच्या पत्रांत मदर तेरेसा यांनी हा अंधार आपल्याला आवडू लागल्याचे लिहिले. तो नाहीसा झाला असे त्यांनी कुठेही लिहिलेले नाही. नॉयनर 2009 मध्ये पुण्यातच, एकशे एकाव्या वर्षी वारले.

हा सल्ला या सगळ्या वाङ्मयात मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो सान्निध्य आणि त्याची जाणीव यांची गाठ सोडतो. त्यातला धोकाही उघड आहे. देव जाणवला तर तो आहे, आणि नाही जाणवला तरी ओढ म्हणजे तो आहेच, असे म्हटल्यावर हे विधान खोटे ठरणार कधी? हिचन्स यांचे म्हणणे पटले नाही तरी हा प्रश्न उरतो.

मराठी साक्ष

महाराष्ट्रात या विषयावर सिद्धांताचे लेखन कमी आणि साक्ष जास्त आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो काही वर्षांनी मिळाला. जून 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे जागरण झाले, त्यात मुली तासन्‌तास रडत होत्या, मोठ्याने प्रार्थना करत होत्या, अंगात अग्नी भरल्याचे सांगत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी 1896 नंतरच्या दुष्काळांनी अनाथ केलेल्या होत्या. पेंटेकोस्टल इतिहासकार या घटनेला जागतिक जागरणात स्थान देतात. दुष्काळात सगळे गमावलेल्या मुलींच्या रडण्याला तिथे प्रथमच जागा मिळाली असेल का, हे मात्र फारसे कुणी विचारलेले नाही. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, त्या स्वतः.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे योगदान भाषेचे आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. ओवी-अभंगाच्या वळणाने त्यांनी गीते रचली आणि वारकरी संतांची विरहाची, रुसव्याची, भांडणाची भाषा मराठी मंडळीच्या दारात आणून ठेवली. मंडळीने त्यातली भक्ती उचलली. भांडण तितकेसे उचलले नाही. विठ्ठलाशी तोंडाला तोंड देणाऱ्या तुकारामांच्या मुलखात ब्रुगमन यांचा लेख नवा वाटण्याचे कारण नव्हते.

काय सुटलेले नाही

पहिली गोष्ट व्यवहाराची. क्रुसाच्या योहानांनी सांगितलेली रात्र आणि वैद्यकीय नैराश्य यांत फरक कुणी करायचा? पाळकाला मानसोपचाराचे शिक्षण नसते, आणि डॉक्टर विचारतो ते झोपेबद्दल, भुकेबद्दल. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे आता बहुतेक जण मान्य करतात. पण रात्रीची समजूत देऊन औषध टाळले गेले तर जीव जाऊ शकतो. इथे माझे मत स्पष्ट आहे : शंका असेल तिथे आधी डॉक्टर, मग क्रुसाचे योहान.

दुसरी गोष्ट, निर्विकार देव की सोसणारा देव. सिद्धांताच्या पातळीवर सोसणारा देव काही दशके पुढे होता. आता जुन्या मताचे समर्थकही तुल्यबळ आहेत. निकाल लागण्याची चिन्हे नाहीत.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. देवाच्या जवळिकीची खूण म्हणून ज्या माणसांकडे बोट दाखवले जाते, म्हणजे धर्मगुरू, पाळक, मंडळी, तीच जेव्हा दुःखाचे कारण ठरतात, तेव्हा? अनेक देशांतल्या चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या चौकशांनी हा प्रश्न उभा केला आहे. माणसांच्या सोबतीतून देवाची सोबत कळते ही शिकवण तिथे अडखळते, आणि तिला पर्याय असलेली भाषा अजून घडलेली नाही.

राहिली उपासना. अभ्यासकांनी विलापाच्या बाजूने चार दशके लिहिले, तरी रविवारच्या गीतपुस्तकात तक्रारीला जागा कमीच आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी कॅथलिक चर्चने नित्यप्रार्थनेचे पुस्तक सुधारले, तेव्हा शत्रूला शाप देणारी तीन स्तोत्रे, अठ्ठावन्नावे, त्र्याऐंशीवे आणि एकशे नववे, त्यातून पूर्ण वगळली. अठ्ठ्याऐंशीवे वगळले नाही. दर शुक्रवारी, झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ते आजही म्हटले जाते.